चूक नंबर एकची: सुभेदार पुंगळे यांच्याविषयी एक दुरुस्ती

सुभेदार लिंबाजीराव पुंगळे यांचा आणि माझा पहिला परिचय एका लोखंडी कपाटामुळे झाला. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांनी बदनापुरात, रेल्वे स्टेशनच्या मागच्या वस्तीत, आमच्या शेजारचे घर घेतले, त्याला आता पंचवीस वर्षे होत आली. त्या सकाळी मी आमचे कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत एकट्याने ढकलत होतो. मी महाविद्यालयात राज्यशास्त्राचा अधिव्याख्याता. अंगमेहनतीची सवय मला नव्हती आणि मदत मागण्याची तर त्याहूनही नव्हती. खिडकीबाहेरून आवाज आला, "सर, हात काढा."

मी हात काढले. सुभेदारसाहेब आत आले, कपाटाभोवती एकदा फिरले, मला एका बाजूला उभे केले, स्वतः दुसऱ्या बाजूला राहिले आणि माझी पत्नी वत्सला हिला म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त बोलायचं. तुम्ही 'चला' म्हणाल तवाच चलायचं. मधी दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं न्हाई."

"मला बोलायचंच काम दिलं म्हणजे माणूस बराबर ओळखला तुम्ही," वत्सला म्हणाली.

बोलता बोलता ते तिच्याच माहेरचे, टेंभुर्णीचे निघाले. त्या दिवसापासून ते तिचे 'दादा' झाले.

गौरव समितीने सुभेदारसाहेबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ग्रंथात त्यांच्या सेवेविषयी आणि स्वभावाविषयी लिहावे अशी मला आज्ञा केली. ती मी स्वीकारली, त्याला आदराखेरीज आणखी एक कारण आहे. गेले दीड वर्ष सुभेदारसाहेबांच्या नावावर एक चूक बोलली जाते. बदनापुरात ती दबक्या आवाजात बोलली जाते, टेंभुर्णीत उघडपणे. ती चूक त्यांची नाही. ती कुणाची आहे हे मला ठाऊक आहे, आणि ते याच ग्रंथात, त्यांच्याच गौरवाच्या पानांत छापले जावे अशी माझी इच्छा आहे. परंतु ते समजण्यासाठी त्यांनी आयुष्यभर काय काम केले हे आधी सांगितले पाहिजे.

सुभेदारसाहेबांची बहुतेक सेवा पायदळाच्या पलटणीतील मोर्टारवर झाली. मोर्टार म्हणजे आपण जिला उखळी तोफ म्हणतो ती. बंदूक एका जवानाची असते, तिचा क्रमांक त्याला पाठ असतो. मोर्टार कुणा एकाची नसते. तिची नळी एकाच्या खांद्यावर, टेकूचे दोन पाय दुसऱ्याच्या, खालची जड थाळी तिसऱ्याच्या पाठीवर आणि गोळे इतरांकडे. ती जोडल्याशिवाय तिला हत्यार म्हणता येत नाही आणि एकट्याला ती चालवता येत नाही. तिच्याभोवती उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला नंबर असतो. नंबर एक म्हणजे त्या तुकडीचा प्रमुख. सुभेदारसाहेब हवालदार असताना अनेक वर्षे नंबर एक होते.

एकदा आमच्या महाविद्यालयात त्यांचे भाषण ठेवले होते. भाषण त्यांना जमले नाही. दोन वाक्ये बोलून ते थांबले आणि म्हणाले, "विचारा काय विचारायचं ते." मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तुम्ही किती शत्रू मारले?" सभागृह हसले. सुभेदारसाहेब हसले नाहीत.

ते म्हणाले, "मोर्टारचा गोळा डोंगराच्या पल्याड पडतो बाळा. आम्हाला दिसत न्हाई. एकजण निशाणा लावतो, एकजण गोळा देतो, एकजण सोडतो, आन् हुकूम देणारा चौथाच असतो. म्हणून आमच्यातला कुणीच म्हणू शकत न्हाई, मी मारला. आन् कुणीच म्हणू शकत न्हाई, मी न्हाई मारला."

मी तीस वर्षे सामूहिक उत्तरदायित्व हा विषय शिकवला, त्यावर टिपणे काढली, प्रश्नपत्रिका काढल्या. तो विषय मला त्या दिवशी त्यांच्याकडून समजला, असे लिहायला मला संकोच वाटत नाही. समजला, पण अंगी आला नाही, हे पुढे दिसेल.

सुभेदारसाहेब स्वतःविषयी काही सांगत नाहीत. त्यांच्या सेवेतील ज्या प्रसंगाने माझ्या मनावर कायमचा ठसा उमटवला, तो मला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितला. परभणीकडील शेषराव नावाचे हे गृहस्थ राजूरच्या गणपतीला आले असता वाट वाकडी करून बदनापूरला आले होते. सुभेदारसाहेब त्यांच्यासाठी पेढे आणायला गेले तेवढ्या वेळात, आमच्या ओट्यावर बसून त्यांनी ती हकिगत सांगितली.

मोर्टारच्या नळीत गोळा वरून सोडतात. तो घसरत तळाशी जातो, तेथील खिळ्यावर आपटतो आणि उडतो. पण कधी कधी तो उडत नाही, आतच राहतो. त्यावर दुसरा गोळा सोडला तर तोफेजवळचे कुणी वाचत नाही. चार तोफा एकदम चालू असतात तेव्हा आपला गोळा गेला की शेजारचा, हे कानाला कळत नाही. म्हणून त्यांच्या तुकडीत असा दंडक होता की, गोळा सोडणाऱ्याने तो जाताना पाहून मोठ्याने "गया" म्हणायचे, आणि तो शब्द ऐकल्याशिवाय पुढचा गोळा कुणी उचलायचा नाही.

"सरावाचा दिवस व्हता," शेषराव म्हणाले. "मी सोडत व्हतो. धडाधड चालल्तं. हाताला ताल लागल्ता, तोंडालाबी ताल लागल्ता. सोडायचं, गया. सोडायचं, गया. एक गोळा गेलाच न्हाई, आन् मी तोंडानं गया म्हणून बसलो. पुढचा गोळा माझ्या हातात आल्ता. नळीच्या तोंडाशी नेला, तर तिथं पुंगळेचा पंजा."

"पंजा म्हणजे?"

"तळहात, सर. नळीच्या तोंडावर आडवा ठेवला. खालचा गोळा तवा उडाला असता तर हातच काय, माणूस दिसला नसता. वरडायला टाइमच नव्हता ना. अन् वरडले असते तरी ऐकतंय कोण."

त्यानंतर जे करतात ते केले. थांबायचे, नळी सोडवायची, दोघांनी तिचे बूड हळूहळू वर करायचे आणि तिसऱ्याने तोंडाशी हात धरून घसरत येणारा गोळा झेलायचा. शेषराव थरथरत होते. दुसऱ्या जवानाने त्यांना बाजूला सारले, तेव्हा हवालदार पुंगळे म्हणाले, "न्हाई. शेषराव धरंल. हात थरथरत असतील तर थरथरू दे, पण तोच धरंल. आज धरला न्हाई तर उद्यापासून तो कायमचा बाजूला उभा राहील."

चौकशी झाली. वरिष्ठांनी विचारले, चुकून "गया" कोण म्हणाले? पुंगळे यांनी उत्तर दिले, "नंबर एक मी आहे. चूक माझी आहे." एवढेच. त्यांची बढती मागे पडली. शेषराव म्हणाले, "मी चार वेळा सांगाया गेल्तो का चूक माझी हाय. मला म्हणले, येड्या, तुकडीची गोष्ट तुकडीत ऱ्हाऊ दे." एवढ्यात सुभेदारसाहेब पेढे घेऊन परतले. आम्ही दोघे गप्प झालेले पाहून त्यांनी शेषरावांना विचारले, "काय, माझी चुगली करून राह्यला का?"

बदनापूरच्या लोकांना त्यांचा अनुभव वेगळ्या कामांतून आलेला आहे. बोअरमधील मोटार वर काढायची असली की शेतकरी त्यांना बोलावतात. पाइप धरणारे चार, दोर सोडणारे दोन, आणि बोलणारा एकच. त्यांच्या हाताखाली कुणाचे बोट चेंगरल्याचे मी ऐकले नाही. त्यांच्या शिव्या मात्र पुष्कळांनी ऐकल्या आहेत. स्वभाव कडक, कान तोफांनी निकामी झालेले, त्यामुळे आवाज मोठा. चहात साखर कमी पडली तरी ते अशा स्वरात सांगत की रस्त्यावरचा माणूस थबकावा. वत्सला म्हणे, "दादा, मोर्टार इथं न्हाई, हळू बोला." ते म्हणत, "काय?" आणि ती आणखी मोठ्याने तेच सांगे.

आता मला ज्यासाठी लिहायचे आहे त्याकडे येतो.

साडेतीन वर्षांपूर्वी वत्सलेला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. डॉक्टरांनी सांगितले की, तिला दिवसातून अनेकदा कुशीवर वळवावे लागेल, बसवावे लागेल, नाहीतर पाठीला जखमा होतील. मी म्हणालो, मी करीन. चार दिवस मी एकट्याने केले. पाचव्या दिवशी सुभेदारसाहेब त्यांच्या पत्नी कौसल्याबाई यांना घेऊन आले, पलंगाभोवती एकदा फिरले आणि म्हणाले, "सर, हे एकट्याचं काम न्हाई. आजपासून तिघं."

त्यांनी नंबर दिले. स्वतः नंबर एक, डोक्याकडे. कौसल्याबाई कमरेशी. मी पायांशी. चादरीचे टोक कसे गुंडाळून धरायचे, पाय कुठे रोवायचा, हे त्यांनी आम्हाला गव्हाचे पोते पलंगावर ठेवून दोन दिवस शिकवले. उचलताना एकानेच बोलायचे. खाली ठेवल्यावर प्रत्येकाने आपली बाजू नीट टेकली की "झालं" म्हणायचे. तिघांचे "झालं" आल्याशिवाय कुणी हात काढायचा नाही. आणि मुख्य नियम: तिघे असल्याशिवाय तिला हलवायचे नाही.

"दादा, मी काय तोफ हाय का?" वत्सला तिच्या जड जिभेने म्हणाली.

"तोफ बरी, ताई," सुभेदारसाहेब म्हणाले. "ती बोलत न्हाई."

ती हसली. झटका आल्यानंतरचे ते तिचे पहिले हसू. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे ते दांपत्य सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आमच्या घरी आले. पाऊस असो, घरी पाहुणे असोत. माझ्या पत्नीच्या पाठीला एकही जखम झाली नाही. डॉक्टर मला शाबासकी देत. मी ती घेत असे.

सुमारे दीड वर्षापूर्वी एका दुपारी वत्सलेचा धाकटा भाऊ, टेंभुर्णीचे भगवानराव, भेटीला यायचे होते. सुभेदारसाहेब कौसल्याबाईंचे डोळे दाखवायला जालन्याला गेले होते. जाताना बजावून गेले होते, "तीनपर्यंत येतो. तवर हात लावू नका." अडीच वाजता वत्सला म्हणाली, "भगवान यायच्या आधी मला खुर्चीत बसवा. त्याला मी पडलेली दिसू नये." मी म्हणालो, दादा येऊ देत. ती म्हणाली, "तुम्हाला येत न्हाई का?"

तिने ते चेष्टेने विचारले होते. मी उत्तर म्हणून उठलो. चाकांची खुर्ची पलंगाला लावली आणि तिला उचलले. खुर्चीचा ब्रेक लावायचे राहिले होते. तिघांच्या कामात ते कौसल्याबाई करीत. खुर्ची मागे सरकली आणि वत्सला माझ्या हातांतून फरशीवर पडली. मांडीचे हाड मोडले. ती माझ्याकडे पाहत राहिली.

दहा मिनिटांत सुभेदारसाहेब आले. त्यांनी मला एक अक्षरही विचारले नाही. कौसल्याबाईंना चादर आणायला सांगितली आणि मला म्हणाले, "तुमची जागा घ्या." माझे हात चालेनात. ते पुन्हा म्हणाले, "सर, पायाकडं. तुमची जागा घ्या." मी घेतली. आम्ही तिला चादरीवर घेत असतानाच भगवानराव दारात आले. त्यांना दिसले ते इतकेच, की त्यांची बहीण जमिनीवर आहे आणि तिच्या खांद्यांखाली सुभेदारांचे हात आहेत.

"कसं झालं हे?" त्यांनी विचारले.

मी तोंड उघडले. पण माझ्याआधी सुभेदारसाहेब बोलले. "नंबर एक मी हाय. माझी चूक झाली."

मी तोंड मिटले.

वत्सला त्यानंतर दीड महिना होती. शस्त्रक्रिया झाली, मग ताप चढला, मग न्यूमोनिया. बोलणे जवळजवळ थांबले होते. एका दुपारी तिने मला खुणेने जवळ बोलावले आणि दोन शब्द उच्चारले. "भगवानला सांगा." मी म्हणालो, सांगतो. आठ दिवसांनी ती गेली. मी सांगितले नव्हते.

तिच्या तेराव्याला, पंगत बसण्यापूर्वी, सर्व पाहुण्यांसमोर भगवानराव सुभेदारसाहेबांना म्हणाले, "माझी आक्का तुमच्या हातून पडली. आता टेंभुर्णीत पाय ठेवू नका." सुभेदारसाहेबांचे थोरले बंधू, त्यांची शेती, त्यांचे जन्मघर टेंभुर्णीत आहे. ते म्हणाले, "बराबर हाय तुमचं." मी तेथून चार हातांच्या अंतरावर उभा होतो. तेव्हापासून दीड वर्ष ते गावी गेले नाहीत. थोरल्या बंधूंच्या घरचे लग्नही त्यांनी चुकवले.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी त्यांना विचारले, तुम्ही असे का केले? ते म्हणाले, "तुम्ही शिकलेले माणूस, सर, पण नंबर एक म्हणजे काय ते तुम्हाला उमगलं न्हाई. तुकडीतला माणूस एकटा उठून कामाला हात घालतो, म्हणजे नंबर एकनं त्याला पक्कं शिकवलंच न्हाई."

"मंग मी काय करू?" मी विचारले. आयुष्यात प्रथमच माझ्या तोंडून त्यांची बोली आली.

"जेवा," ते म्हणाले. "दोन दिसांपासून तुमच्या घरातून भांड्याचा आवाज न्हाई." त्या दिवसापासून कौसल्याबाईंच्या घरून माझा डबा येतो. ज्या घरावर माझी चूक लादली गेली, त्या घरचे अन्न मी दीड वर्ष खात आहे. हेही या गौरवलेखात नोंदवले पाहिजे.

येथपर्यंतचा लेख समितीकडे देण्यापूर्वी मी तो दोन ठिकाणी वाचून दाखवला. प्रथम टेंभुर्णीला. भगवानराव ओसरीवर तुरी निवडत बसले होते. मी उभ्यानेच वाचले. वाचून झाल्यावर त्यांनी सुपातून हात काढला.

"दाजी, आक्कानं तुम्हाला सांगाया लावल्तं?"

"हो."

"आन् दीड वर्ष तुम्ही माझ्या घरी येत-जात राह्यले. माझ्या ताटात जेवले."

"हो."

"मी त्या माणसाला चारचौघांत बोललो, दाजी. तुम्ही तिथंच उभे व्हते."

त्यांनी सूप बाजूला ठेवले. "तुम्ही या आता," ते म्हणाले. त्यांच्या घरून पाणीही न पिता मी परतलो, असे लग्नानंतर प्रथमच घडले. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

नंतर तो सुभेदारसाहेबांपुढे वाचला. ऐकू जावे म्हणून मोठ्याने वाचावा लागला. ते रागावले. "हे काढा," म्हणाले. "तुकडीची गोष्ट तुकडीत ऱ्हाऊ द्या. ताई गेली. आता कुणाची चूक, याचा काय उपयोग?" मी म्हणालो, उपयोग तुम्हाला आहे, तुमचे गाव तुम्हाला परत मिळेल. ते म्हणाले, "मी नंबर एक हाय का न्हाई? मंग माझा हुकूम हाय. काढा." पंचवीस वर्षांत मी त्यांचा हुकूम एकदाच मोडला होता आणि त्याची किंमत माझ्या पत्नीने दिली. हा दुसरा मी जाणूनबुजून मोडत आहे. त्याची जी किंमत असेल ती मी देईन.

गेल्या रविवारी सकाळी भगवानराव जीप घेऊन बदनापूरला आले. माझ्या फाटकावरून ते सरळ पुढे गेले. शेजारच्या घरात त्यांच्यात काय बोलणे झाले ते मला कळले नाही. सुभेदारसाहेबांचा आवाज मोठा असूनही कळले नाही, कारण त्या अर्ध्या तासात तो ऐकूच आला नाही. मग ते दोघे बाहेर आले. भगवानरावांनी त्यांना हात धरून जीपमध्ये बसवले, कौसल्याबाईंची पिशवी आत ठेवली आणि जीप जालन्याच्या दिशेने, टेंभुर्णीच्या वाटेला लागली. माझ्याकडे कुणी पाहिले नाही. मी ओट्यावर उभा राहून ती वळणापलीकडे जाईपर्यंत पाहिली.

सत्काराच्या दिवशी टेंभुर्णीचे ग्रामस्थ येणार आहेत असे समितीकडून समजले. मीही येईन आणि मागे बसेन. सुभेदार लिंबाजीराव पुंगळे यांना शंभर वर्षांचे आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे आणि कौसल्याबाईंचे डोळे त्यांना शेवटपर्यंत साथ देवोत. त्यांच्या जन्मगावच्या ओसरीवर त्यांना रोज हक्काने बसता येवो. आणि उरलेल्या सर्व वर्षांत दुसऱ्या कुणाचीही चूक त्यांना आपली म्हणून सांगावी लागू नये, हीच माझी, आणि जी आज बोलू शकत नाही त्या त्यांच्या ताईची, प्रार्थना आहे.